दोरीला वर्गात येऊ द्या

सहावीच्या गणितात मसावि येतो. मुलं अवयव पाडतात, सामाईक अवयवांखाली रेघ मारतात आणि उत्तर लिहितात. ‘बारा आणि पाचचा मसावि किती?’ विचारलं की वर्ग एका सुरात ‘एक!’ म्हणतो. मग मी विचारते, ‘एक आला, म्हणजे काय झालं?’ वर्ग गप्प होतो. नाशिकमध्ये गणित शिकवण्यात माझा जन्म गेला आणि ही शांतता मला फार ओळखीची आहे. मुलं हुशार आहेत. पण त्या ‘एक’चं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं, हातांनी तर नाहीच.

ते दाखवायला दीड मीटर सुती दोरी पुरते. आमच्या नाशिक जिल्ह्यात ती दोरी हातात धरू जाणणारी माणसं अजून आहेत. त्यांना शाळेत बोलवावं, शिक्षक म्हणून बोलवावं आणि मानधन देऊन बोलवावं, एवढंच मला सांगायचं आहे.

दोरीचं एक विणलेलं कडं असतं. गाइडच्या स्कार्फला गळ्याशी अडकवायचं वॉगल पाहिलंय ना, तेच. गोल नळीसारखं, अंगावर वेणीची नक्षी, एक पदर वरून तर दुसरा खालून, आणि सुरुवात कुठे नि शेवट कुठे ते शोधूनही सापडत नाही. पाश्चात्त्य खलाशी याला ‘टर्क्स हेड’ म्हणतात. जहाजाच्या सुकाणूचक्राच्या एका आरीवर ते असं कडं विणून ठेवत. ती आरी बरोबर वर आली की सुकाणू सरळ आहे, हे अंधारात नुसत्या स्पर्शाने कळे. इंग्लंडमधल्या गिलवेल पार्क या स्काउट प्रशिक्षण केंद्रात 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच कडं स्कार्फवर आलं. तिथून ते भारतातल्या स्काउट-गाइड पथकांत पोचलं आणि माझ्याही हातात आलं, कारण शाळेतलं गाइड पथक बरीच वर्षं माझ्याकडे होतं.

पण ते मी पहिल्यांदा पाहिलं ते दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, काठीवर. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं. दादांच्या काठीच्या मुठीवर ओल्या चामडी वादीचं विणलेलं कडं होतं. वादी वाळताना आवळते, त्यामुळे ते कडं लाकडाला असं चिकटून बसलं होतं की खिळा नाही, डिंक नाही, तरी जागचं हलत नसे. पाऊसपाण्यात हात घसरू नये म्हणून केलेलं काम, आणि तरीही इतकं देखणं.

आता कड्याची रचना सांगते, कारण सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे.

तिपेडी वेणी घालताना आपण काय करतो? उजवीकडची बट मध्ये घेतो, मग डावीकडची मध्ये घेतो. या दोन हालचालींची एक जोडी धरू. पहिल्या जोडीनंतर तिन्ही बटांच्या जागा बदललेल्या असतात. दुसरीनंतर पुन्हा बदलतात. तिसरी जोडी झाली की प्रत्येक बट आपल्या मूळ जागी परत येते. विश्वास नसेल तर तीन रंगांच्या रिबिनी घेऊन पाहा. आता ही वेणी गोल वाकवून तिची खालची टोकं वरच्या टोकांना जोडा. तीन जोड्यांनंतर जोडलीत तर प्रत्येक रंग स्वतःलाच येऊन मिळेल आणि तीन वेगळी कडी होतील. चार जोड्यांनंतर जोडलीत तर लालचं टोक हिरव्याला, हिरव्याचं पिवळ्याला, पिवळ्याचं लालला मिळेल. म्हणजे तीन रिबिनींची मिळून एकच अखंड दोरी होईल. चारऐवजी पाच जोड्या केल्यात तरी एकच. सहा केल्यात की पुन्हा तीन वेगळी कडी. जोड्या तीनाच्या पाढ्यात आल्या की दोरी तुटक होते, पाढ्याबाहेर राहिल्या की अखंड.

त्या तीन जोड्यांच्या तीन कड्यांचंही एक नवल आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांतली कोणतीही दोन घेतलीत तर ती एकमेकांत अडकलेली नसतात, आणि तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापलं की उरलेली दोन आपोआप मोकळी होतात. गणितात यांना बोरोमियन वलयं म्हणतात, इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावर ती आहेत म्हणून. सहावीतल्या मुलींनी वेणीच्या रिबिनींतून ती करून बघितली, तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा कुणी ऐकली नाही.

तीन पदरांच्या पुढे गेलं की वेणी पुरत नाही, घड्याळ लागतं. कड्याच्या एका काठावर बारा वळणं आहेत असं समजा. वळण म्हणजे दोरी काठाशी येऊन जिथे परत फिरते ती जागा. घड्याळाच्या बारा आकड्यांवर बारा खुंट्या मारा. कडं पाचपदरी असेल तर दोरी एका खुंटीवरून निघते, तिरकी पलीकडच्या काठाला जाते, तिथून तिरकी परतते आणि पाच घरं पुढच्या खुंटीवर येते. बारावरून निघाली, पाचवर आली. मग दहा, तीन, आठ, एक, सहा, अकरा, चार, नऊ, दोन, सात आणि पुन्हा बारा. एकही खुंटी सुटली नाही, एकीवरही दोनदा आली नाही, आणि घरी परतेपर्यंत कड्याला पाच फेरे झाले. आता तेच चार पदरांचं करा. बारावरून चार, आठ आणि लगेच बारा. एकच फेरा होऊन दोरी मिटली आणि नऊ खुंट्या उपाशी राहिल्या. तिथे चार दोऱ्या लागतील. बारा आणि चारचा मसावि चार. बारा आणि पाचचा एक. म्हणजे मसावि आपल्याला सांगतो, किती दोऱ्या लागतील.

‘एक आला म्हणजे काय झालं’ याचं उत्तर हे. एकाच दोरीत काम होतं.

आणखी हवं तर पदरांमधून एक वजा करून वळणांनी गुणावं, दोरी स्वतःला किती ठिकाणी ओलांडते ते मिळतं. तीन पदर, चार वळणं असतील तर आठ ठिकाणी. पाच पदर, चार वळणं असतील तर सोळा. मुलं कड्यावर बोट ठेवून मोजतात आणि उत्तर जुळलं की परत मोजतात.

जगात याचा अभ्यास झालेला आहे. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराने 1944 साली गाठींचा मोठा ग्रंथ काढला. त्यात 3,800 हून अधिक नोंदी आहेत आणि या कड्याला स्वतंत्र प्रकरण आहे. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातून शाके आणि टर्नर या दोघांनी 1988 पासून अशा विणीचं पुरतं गणित मांडलं. अर्जेंटिनाचे गुराखी घोड्याच्या सामानावर आणि चाबकाच्या मुठीवर कच्च्या चामड्याची अशी कडी विणतात, आणि तिथे ती विद्या पुस्तकांतून जपलेली आहे. आमच्या बैलांच्या गोंड्यावर, काठीच्या मुठीवर, ठुशीच्या मागच्या दोरीवर जे काम होतं, त्यावर मराठीत मुलांच्या हाती देण्याजोगं काय आहे? मी शिकवायला बसले तेव्हा मला आकृत्या स्वतः काढाव्या लागल्या.

नाशिकचा सराफ बाजार पाहा. तिथे दुकानांच्या कडेला, कधी पायरीवर, पटवेकरी बसतात. आईची ठुशी किंवा तन्मणी गाठवून आणायला मी लहानपणी तिच्याबरोबर जायची. रेशमाचे पेड आकड्याला किंवा पायाच्या अंगठ्याला ताणलेले, आणि दोन्ही हात मोकळे. मागच्या दोरीवरची जरीने मढवलेली सरकती गाठ बघा. गळ्याच्या मापाने ती सरकते आणि सोडली की तिथेच थांबते. घट्टही नाही, सैलही नाही, असा तो ताण कुठल्याही फूटपट्टीने मोजता येत नाही. तो बोटांतच असतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनात गोफ असतो. गोव्यात शिगम्याला तो अजून रंगतो, आणि आमच्याकडे गोकुळाष्टमीचं गाणं लावून मुली गोफ विणतात. आठ मुली, चौघी उजवीकडून, चौघी डावीकडून, एकीला वरून, पुढचीला खालून. खांबाभोवती रिबिनींची जाळी चढते, आणि उलट चाललं की उकलते. कड्याच्या अंगावरची नक्षी तीच असते. फरक इतकाच की गोफात रिबिनी खांबावरून उतरत जातात, मागे वळत नाहीत. कड्यात दोरी काठाशी वळते आणि उलट तिरकी निघते, म्हणून एकटी दोरी आठ मुलींचं काम करू शकते. गोफ बसवणाऱ्या बाई आणि गणिताच्या बाई एकाच शाळेत असतात. पण हा गोफ गणिताच्या तासाला कधी येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पोळ्याचं सामान विकणाऱ्या एका वयस्क कारागिरांना वर्गात बोलावलं. पोळ्याच्या आधी पंचवटीत रस्त्याच्या कडेला गोंडे, म्होरक्या, कासरे, माथोट्या, घुंगरमाळा मांडलेल्या असतात. त्यांच्या गोंड्यांच्या मानेवर विणलेलं कडं होतं, आणि ते कुठून आणलेलं नव्हतं, तिथेच बसून केलेलं होतं. ‘मामा, शाळेत येऊन पोरांना शिकवाल का?’ विचारलं तर ते म्हणाले, ‘मला काय येतंय बाई, मी चौथी.’ पण आले. धुतलेला सदरा घालून आले. मुलं त्यांना काका म्हणायला लागली, तेव्हा मी सांगितलं, ‘या तासाला हे तुमचे सर आहेत.’ मग मुलं त्यांना सर म्हणाली. पहिल्यांदा कुणी सर म्हटल्यावर ते फळ्याकडे बघत राहिले.

त्यांनी डाव्या हाताच्या चार बोटांवर दोरी गुंडाळली. पहिला फेरा सरळ, दुसरा त्याला तिरका ओलांडून, मग टोक एका पदरावरून घेऊन दुसऱ्याखालून काढलं. हात उलटा केला. पाठीमागे दोन पदर शेजारी शेजारी होते. एकावर दुसरा चढवला, मध्ये डोळा झाला, त्यातून टोक ओवलं. पुन्हा उलट बाजूने चढवला, पुन्हा ओवलं. टोक सुरुवातीपाशी आलं. तिथून पुढे टोकाने पहिल्या दोरीचा माग धरला, तिच्या अंगाला अंग लावून दुसरा फेरा, मग तिसरा. शेवटी सगळा ढिलेपणा एकेका पदरातून ओढत ओढत काढला. या शेवटच्या कामाला विणण्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि कड्याचं रूप त्यातच ठरतं.

मी फळ्यावर तक्ता काढला. तीन पदर, दोन वळणं जमतं. पाच जमतं, आठ जमतं. हातावरच्या रीतीत दर वेळी तीन वळणं वाढतात, म्हणून दोन, पाच, आठ, अकरा. सुरुवात बदलली तर चार, सात, दहा. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘सहा का नाही?’ मी खडू उचलला होता, पण आधी मामाच बोलले. ‘तिनाच्या पाढ्यातलं घ्यायचं नाही. दोरी मधीच मिटती. सहाला तीन दोऱ्या लागत्यात.’

मसावि हा शब्द त्यांनी कधी ऐकला नसेल. नियम त्यांच्याकडे होता, आणि तो पाठ केलेला नव्हता, दोरी वाया घालवून मिळवलेला होता. मुलांनी तो आधी त्यांच्याकडून ऐकला आणि मग माझ्याकडून त्याचं कारण ऐकलं. याच क्रमाने शिकवायला हवं असं मला वाटतं. आधी हात, मग कारण.

आता धोरणाचं. 29 जुलै 2020 ला जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान कधीतरी मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावं, असा हेतू धोरणात स्पष्ट लिहिला आहे. एनसीईआरटीने 2024 मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कल्पना नवी नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची मांडणी केली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीतच ती जन्मली. आमच्या वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास कित्येक वर्षं आहे. पण परीक्षा जवळ आली की तो तास गणित किंवा इंग्रजी मागून घेतं. मी स्वतः गणिताची असूनही सांगते, हे थांबायला हवं, कारण त्यात नुकसान गणिताचंही होतं.

दप्तराविना दिवस म्हणजे बस भरून कुठेतरी नेणं किंवा तयार किट वाटून चिकटवायला लावणं, असं अनेक ठिकाणी होतं. किटमध्ये तुकडे आधीच कापलेले असतात, छिद्रं आधीच पाडलेली असतात. चुकायला जागाच नसते. दोरीत चुकायला भरपूर जागा आहे, आणि चूक लगेच दिसते. एका ठिकाणी ‘वरून’च्या जागी ‘खालून’ गेलं की नक्षी तिथे फाटलेली दिसते, आणि मुलाला शिक्षकाने सांगावं लागत नाही. उकलायचं, परत विणायचं. साहित्य वाया जात नाही, खाडाखोड उरत नाही. चुकीला इतकी माफी देणारं दुसरं शैक्षणिक साहित्य मला माहीत नाही.

‘मोबाइलवर सगळं दिसतं की’ असं पालक म्हणतात. दिसतं खरं. पण व्हिडिओत हाताची एक बाजू दिसते, आणि या गाठीचं अर्धं काम पाठीमागे होतं. शिवाय ताण दिसत नाही. मामा मुलाच्या बोटावर बोट ठेवून म्हणत होते, ‘एवढं नको वढू, दोरीला फिरायला जागा ठेव.’ हे पडद्यातून येत नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ही विद्या कुणाकडे आणि का राहिली, ते विसरून तिचं कौतुक करणं मला पटत नाही. दोर वळणं हे आपल्या गावगाड्यात मातंग समाजाच्या वाट्याला टाकलेलं काम होतं. घायपात, अंबाडी भिजवून, कुटून त्यांनी गावाला कासरे, चऱ्हाटं पुरवली, आणि बदल्यात सुगीला मापाने धान्य मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. त्या घरांतल्या मुलांनी दोर टाकून पेन धरला, ते उत्तमच झालं. म्हणून ‘परंपरा जपा’ असं सांगायला मी आलेले नाही. कुणाच्याही मुलाने बापाचा धंदा करावा असं मला वाटत नाही. मला वाटतं ते उलट आहे. हे ज्ञान जातीच्या दावणीतून सोडवून सगळ्यांच्या बाकावर यावं. डॉक्टरांच्या मुलीने ते शिकावं, सराफाच्या मुलाने शिकावं. आणि ते शिकवणाऱ्याला फळ्यापाशी उभं राहून मान मिळावा आणि पैसेही मिळावेत. मान दिला आणि मानधन बुडवलं, तर आपण जुनंच वागतोय.

बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, पोळ्याच्या बाजारात नायलॉन आणि प्लॅस्टिकची फुलं आली. घोटीच्या बैलबाजारात डांगी जनावरं अजून येतात. पण कासरा हाताने वळलेला असावा असा आग्रह धरणारे शेतकरी उतरत्या वयाचे आहेत. नायलॉनला नावं ठेवून उपयोग नाही, ते भिजून कुजत नाही आणि स्वस्त पडतं. दोरी बदलली तरी वीण बदलत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी बुटाच्या नाडीची कडी केली, पाण्याच्या बाटलीवर केली, सायकलच्या मुठीवर केली. एकीने आजोबांच्या चालण्याच्या काठीवर केलं.

सामान म्हणाल तर पाच मिलिमीटर जाडीची सुती दोरी, प्रत्येकाला दीड मीटर. टोक विस्कटू नये म्हणून त्याला मेणाचा थेंब किंवा चिकटपट्टी. हातावर न जमणाऱ्यांसाठी बांबूचा किंवा पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणि त्यावर पेनने मारलेल्या खुणा. पहिल्या दिवशी तीन पदर, पाच वळणं. दुसऱ्या दिवशी रिबिनींची वेणी आणि तीन कडी. तिसऱ्या दिवशी घड्याळ आणि खुंट्या. मसाविचं प्रकरण त्यानंतर शिकवावं, आधी नाही. कारागिरांना तिन्ही दिवस बोलवावं, एकाच दिवशी सत्कार करून पाठवू नये.

पोळ्याच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्या धंद्याचे असतात, तेव्हा त्यांना बोलावणं योग्य नाही. पिठोरी अमावास्या झाली की ते मोकळे होतात. तिथपासून घटस्थापनेपर्यंत, गणपतीची सुट्टी वगळूनही, शाळेला पुरेसे दिवस मिळतात आणि सहामाही परीक्षा अजून लांब असते. जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनी दप्तराविना दिवसांतले तीन यंदा त्या काळात धरावेत, आणि पोळ्याच्या बाजारात आपले गणिताचे शिक्षक पाठवून, त्या माणसांशी बोलून, तारीख आणि मानधन आधीच ठरवून घ्यावं.